नळ खोकल्याशिवाय बटण नाही

थेंबमास्तर,

पत्र बघून दचकू नका, कुठेही गळत नाहीये. तुम्ही ट्रेलरविक्रेत्याच्या आवारातलं काम सोडून लेकीकडे राहायला गेलात हे मला मागच्या आठवड्यात कळलं, तेही तुमच्या जागी आलेल्या नव्या माणसाकडून. त्याने दहा मिनिटांत माझा ट्रेलर तपासला, बॅटरीचा झोत इकडे-तिकडे फिरवला आणि सही करून मोकळा झाला. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला लिहायचं. शिवाय एक गोष्ट कबूल करायची राहिली आहे. ती नीट सांगायची तर सुरुवातीपासून सांगावी लागेल, आणि स्वतःची फजिती ‘मी, मी’ करत लिहायला गेले की पेन आपोआप सारवासारव करायला लागतं. म्हणून तुम्ही हाक मारायचात तशी ‘बाई’ म्हणूनच लिहिते. तुमच्याबद्दलचंही परक्याचं असल्यासारखं वाचा. काही चुकलं असेल तर समासात खूण करा.

तर ह्या बाई. वय एकाहत्तर. एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना न वाचणाऱ्या मुलांचे गुण कापण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. म्हातारपणी त्यांनी मोटारीमागे जोडायचं चाकांवरचं घर, म्हणजे हा ट्रेलर, विकत घेतला, तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, बाईंना आता फिरायचं वेड लागलं. खरं कारण घरातच खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेलं होतं. ताई, बाईंची थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तिला तासातासाला बाथरूम गाठावं लागायचं. ताईने कुठे जाणंच सोडलं. ना कोणाच्या लग्नाला, ना कोणाला भेटायला.

“लोकांच्या घरी दर तासाला ‘कुठलं दार हो?’ विचारत फिरू का?” असं तिचं म्हणणं.

लहानपणी दोघी ज्या तळ्यात पोहायला शिकल्या, त्याची आठवण मात्र ती आठवड्यातून दोनदा तरी काढायची. बाईंनी उपाय शोधला. बाथरूमच बरोबर न्यायचं! ताईने एक अट घातली. “वाटेत पाणी गेलं की गाडी मागे फिरवायची. आणि मग पुन्हा मला कुठे चल म्हणायचं नाही. कधीच.”

ताई बोलली की बोलली. म्हणजे सगळा डाव पाण्यावर होता.

ट्रेलर ताब्यात घ्यायच्या दिवशी बाई विक्रेत्याच्या आवारात घड्याळ बघत शिरल्या. तपासणीला त्यांनी पन्नास मिनिटं ठेवली होती, म्हणजे कॉलेजातली एक तासिका. टाय लावलेला विक्रेता म्हणाला, “बाई, नवा कोरा माल आहे. त्यात काय बघायचं?” बाईंनाही ते पटलं होतं. तेवढ्यात मागच्या शेडमधून एक बुटके, जाड भिंगांचा चष्मा लावलेले गृहस्थ आले. एका हातात टिश्यू पेपरचा गठ्ठा, दुसऱ्या हातात काचेची गोटी. आवारात सगळे त्यांना थेंबमास्तर म्हणायचे. आधी बावीस वर्षं त्यांनी एका हॉस्पिटलचे नळ आणि पाइप सांभाळले होते. तिथून निवृत्त झाल्यावर ते नवे ट्रेलर गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी तपासायला लागले. विक्रेत्याच्या डोळ्यांत ते खुपायचे, कारण एक ट्रेलर तपासायला त्यांना अर्धा दिवस लागायचा.

त्यांनी गोटी जमिनीवर सोडली आणि ती कुठे घरंगळते ते बघितलं. खिडक्यांखालच्या भिंती तळव्याने दाबून बघितल्या. पाणी भरलं, पंप चालू केला, सगळे नळ सोडून बंद केले आणि प्रत्येक जोडाखाली कागदाचा एकेक तुकडा ठेवला. मग खाटेवर बसून म्हणाले, “बसा.”

“कशासाठी?”

“ऐकायला.”

बाई बसल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाईंनी मध्येच उठून सिंकखाली हात फिरवला आणि निकाल देऊन टाकला. “सगळं कोरडं ठणठणीत आहे. करा सही.”

“हाताला कळत नाही, बाई. कागदाला कळतं.”

तेवढ्यात पंप ‘गुर्र’ करून गप्प झाला. एकही नळ चालू नव्हता. विक्रेता म्हणाला, “नवा पंप आहे, जरा कुरकुरणारच.” थेंबमास्तरांनी बोट वर केलं. सात मिनिटांनी पुन्हा ‘गुर्र’.

“नळ सगळे बंद आणि पंप जागा होतोय. म्हणजे पाणी कुठून तरी बाहेर पडतंय,” असं म्हणत ते गुडघ्यांवर बसले आणि एकेक कागद उचलून उजेडात धरू लागले. कमोडच्या मागचा कागद ओला होता. पावलीएवढा डाग. तिथला जोड कारखान्यात कोणीतरी अर्धाच आवळला होता. महिन्याभरात खालचं लाकूड कुजलं असतं. बाईंनी ज्या हाताने निकाल दिला होता, तो हात गुपचूप पर्समध्ये घातला.

जोड आवळून झाल्यावर त्यांनी बाईंना पाण्याची देखभाल शिकवली. टाकी आणि पाइप जंतुनाशक औषधाच्या पाण्याने कसे धुवायचे, त्या वेळी हीटरला वळसा घालणारी कळ कशी फिरवायची, म्हणजे औषध हीटरमध्ये जात नाही. धुऊन झालं की ती कळ उलटी फिरवायची, हीटर भरू द्यायचा. “गरम नळ सोडून ठेवा. तो खोकेल, थुंकेल, मग त्याला धार लागेल. तो खोकल्याशिवाय बटण नाही.” हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, “मी रसायनशास्त्राची प्राध्यापक होते.” ते नुसतं “हो का” म्हणाले आणि चौथ्यांदा सांगितलं.

निघताना बाईंनी त्यांची शेड बघितली. एका फळीवर ओळीने बाटल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. कुठल्या नदीचं पाणी, कुठल्या झऱ्याचं, कुठल्या डोंगरावरच्या विहिरीचं. गिऱ्हाइकं आणून द्यायची. थेंबमास्तर त्यात साबण घालून हलवायचे आणि फेस बघून सांगायचे की पाणी किती जड आहे, हीटरमध्ये खडूसारखा किती थर साठेल.

“तुम्ही स्वतः गेलात का ह्यातल्या कुठे?” बाईंनी विचारलं.

“छे. मला स्वतःच्या उशीशिवाय झोप येत नाही.”

“मग उशी न्या की!”

हे त्यांना आजवर सुचलं नसावं. ते खूप वेळ हसले. नंतर एक रिकामी बाटली काढली, तिच्यावर ‘तळ्याचं पाणी’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि बाईंच्या हातात दिली. फळीवर शेवटी एक जागा मोकळी होती, ती बोटाने दाखवली. “एवढं काम करा.”

“हे काय काम आहे?” बाई म्हणाल्या. “झालंच म्हणून समजा.”

पुढचे चार दिवस बाईंनी घरासमोर ट्रेलर धुतला. टाकी किती लिटरची, औषधाचं प्रमाण किती, ह्याचं गणित दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत केलं. वळशाची कळ फिरवली. औषध घातलं, ठेवलं, काढलं, वास जाईपर्यंत तीनदा पाणी बदललं. सगळं अगदी नमुनेदार झालं. तिथेच घात झाला, कारण स्वतःचं कौतुक करण्यात कळ उलटी फिरवायची राहून गेली. निघायच्या आदल्या दुपारी बाईंनी गरम नळ सोडला. त्याला एकदम स्वच्छ धार लागली. ना खोकला, ना थुंकी. बाईंना वाटलं, आपला नळ जरा सुसंस्कृत निघाला. नळाला पाणी आहे त्याअर्थी हीटरमध्येही असणारच, असा निष्कर्ष काढून त्यांनी बटण दाबलं.

पंधरा मिनिटांनी जळका वास आला. रिकामा हीटर आतल्या आत भाजून निघाला होता.

बाईंनी बाथरूमचं दार लावून घेतलं आणि दबक्या आवाजात फोन लावला. “मास्तर, एक तांत्रिक शंका आहे.”

“नळ खोकला होता का?”

बाईंनी नळाकडे बघितलं.

“येतो,” ते म्हणाले.

ते आले तेव्हा ताई ट्रेलरच्या पायरीशी खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर घडी केलेले तीन टॉवेल. थेंबमास्तरांनी हीटरचं झाकण काढलं, आतली पाणी तापवणारी, काळी पडलेली कांडी बाहेर ओढली आणि माहितीपुस्तिका मागितली. बाईंना ती द्यायची नव्हती, पण ती समोरच पडलेली होती. मास्तरांनी पान काढलं. ‘हीटर पाण्याने पूर्ण भरल्याशिवाय चालू करू नये.’ वाक्याखाली लाल शाईच्या दोन रेघा. समासात बाईंच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं, ‘अत्यंत महत्त्वाचे.’

थेंबमास्तरांनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. “आठवड्याला एक तरी हीटर जळतो,” ते म्हणाले. “पण ते लोक वाचत नाहीत हो. एवढा अभ्यास करून जाळलेला पहिलाच.”

ताई खो खो हसली. “अगं प्रोफेसर, तुझे गुण कोणी कापायचे?”

“नवी कांडी?” बाईंनी विचारलं.

“पाच दिवस लागतील.”

ताईचं हसू थांबलं. तिने मांडीवरचे टॉवेल उचलून बाजूला ठेवले. बाईंना ते टॉवेल सगळं सांगून गेले. आता ताई आत जाणार, खिडकीपाशी बसणार आणि पुन्हा कधी उठणार नाही. पण ताई उठली नाही. तिने सरळ थेंबमास्तरांनाच विचारलं, “मला दर तासाला जावं लागतं. ह्या डब्यात जमेल का ते सांगा. गरम पाण्याचं मरू दे.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे कारण त्यांनी मास्तरांना आजवर सांगितलंच नव्हतं. लाज वाटत होती, तीही दुसऱ्याच्या पोटाची!

थेंबमास्तरांना कसलीच लाज वाटली नाही. हॉस्पिटलात बावीस वर्षं त्यांनी हेच ऐकलं होतं. “दिवसाला किती वेळा? वीस धरू?”

“अठरा.”

“वीसच धरू. एका वेळेला एक लिटर. घाणीची टाकी एकशे वीस लिटरची. पाच दिवस बिनघोर. सहाव्या दिवशी ती टाकी रिकामी करायची, ते बाईंचं काम. स्वच्छ पाणी मात्र मोजून वापरा.”

ताई बाईंकडे वळली. “ऐकलंस? तू तीन महिने मला ‘होईल गं, होईल गं’ करत होतीस. ह्यांनी आकडा सांगितला.” आणि तिने टॉवेल पुन्हा मांडीवर घेतले.

“आणि गरम पाणीही मिळेल,” मास्तर म्हणाले. “हा हीटर गॅसवरही चालतो. गॅसची बाजू शाबूत आहे.” त्यांनी जळकी कांडी परत घट्ट बसवली आणि वळशाची कळ फिरवली. नळ खोकला, थुंकला, शिंकला आणि मग त्याला धार लागली. “आता दाबा हे बटण.”

बाई दोन पावलं मागे सरकल्या. गॅसची त्यांना भीती वाटायची, म्हणून तर सगळा कारभार विजेवर ठेवला होता.

“एकतीस वर्षं प्रयोगशाळेत बर्नर पेटवलात ना?”

“बर्नर,” बाई म्हणाल्या, “लॅबमधला सहायक पेटवायचा. मी फळ्यावर ज्योतीची आकृती काढायचे.”

थेंबमास्तरांनी चष्मा काढून पुसला. हसू लपवायची ती त्यांची रीत असावी. मग त्यांनी बाईंकडून ते बटण तीनदा दाबून घेतलं. टक, टक, भक्! तिसऱ्या वेळी बाईंनी डोळे उघडे ठेवले.

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. तळ्यावर पाच दिवस राहिल्या. पहिल्या दिवशी ताई ट्रेलरच्या दारापर्यंतच आली, दुसऱ्या दिवशी काठापर्यंत. चौथ्या दिवशी ती गुडघाभर पाण्यात उभी राहून काठावरच्या बाईंना सांगत होती की तू पोहायला कधी शिकलीच नाहीस, नुसती आकृती काढली असशील. तिथेच बाईंनी बाटली भरली, बूच घट्ट लावलं आणि पंपाशेजारच्या कप्प्यात उभी ठेवली.

आता ते कबूल करायचं राहिलेलं. परत येताना घर तासाभरावर असताना ताई म्हणाली, “थांबव.” बाईंनी गाडी कडेला घेतली. ताई आत गेली आणि पंप कोरडाच घरघरायला लागला. टाकीत थेंब नव्हता. सकाळी निघताना ताईने गरम पाण्याने दोनदा केस धुतले होते, आणि बाईंनी मोजायचं ते मोजलं नव्हतं.

“पाणी गेलं का गं?” दाराआडून आवाज आला. अगदी सावध आवाज.

बाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. कप्पा उघडला आणि बाटली दारातून आत दिली. “गेलं नाही. हे घे.”

पाच मिनिटांनी ताई रिकामी बाटली घेऊन बाहेर आली. चिठ्ठी वाचली. “ही त्या मास्तरांची ना?”

“हो.”

“मग त्यांना सांगू नकोस.”

मास्तर, तुम्ही विचारलंत तेव्हा मी “विसरले” म्हणाले ते असं. तुम्ही “असू द्या, पुढच्या वेळी” म्हणालात आणि फळीवरची ती जागा तशीच ठेवलीत. त्यानंतर आम्ही तीनदा बाहेर पडलो, पण ताईचं आता तळ्यावर मन नाही. तिला डोंगर बघायचे असतात आणि मार्गही तीच ठरवते. बाटली अजून पंपाशेजारीच आहे, तुमची चिठ्ठी लावलेली, बूच घट्ट बसवलेली, आणि आत काही नाही.