रोट संपेपर्यंत

देव आहे की नाही, या वादात मी कधी हरलो नव्हतो. दोंडाईच्याच्या बाजारात अंगात येण्याविरुद्ध पत्रके वाटणारा मीच. पण त्या श्रावणात मायच्या डाव्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यात, तांबडी गाठ उठली आणि माझी वादाची हौस फिटली. माय मिरच्या निवडायला जायची. सगळे म्हणाले, मिरचीचा हात लागला असेल. धुळ्याच्या डॉक्टरांनी एकदा बघितले आणि सांगून टाकले, कॅन्सर आहे, डोळा काढावा लागेल, सोमवारी या.

सोमवारी आमच्या कानबाईचे विसर्जन. देवीचे रोट भाऊबंदांनीच खायचे आणि ते संपल्याशिवाय घरच्या कोणी गाव सोडायचे नाही, ही आमच्या घराण्याची चाल. माय हटून बसली.

"रोट सरू दे, मंग जासूत."

"डोळा मोठा की रोट मोठे?" मी कडाडलो.

"तू बी खा. लवकर सरतीन, आनि तुनं तोंड बी बंद ऱ्हाई."

सगळे हसले. मी संतापाने खात सुटलो; रोट आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, भाजी आणि रोट. देवीचा प्रसाद इतक्या रागाने कोणी खाल्ला नसेल. आबा, माझे चुलते, म्हणाले, "याले भाषन ऱ्हावू द्या, खानं चांगलं जमस."

रोट संपले आणि आम्ही धुळे गाठले, तर ते डॉक्टर रजेवर. त्यांच्या जागी मुंबईहून आलेले एक वयस्कर नेत्रतज्ज्ञ बसले होते. मी मनातल्या मनात कानबाईला चांगलेच सुनावले. डॉक्टरांनी पापणी बाजूला करून भिंगातून बराच वेळ पाहिले.

"अशी गाठ मी एकदाच पाहिली आहे," ते म्हणाले. "दिसते कॅन्सरसारखी, पण असेलच असे नाही. नुसत्या नजरेवर मी डोळा काढणार नाही. गाठ तेवढी काढू, सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेऊ, मग बोलू."

गाठ तपासायला मुंबईला गेली. ते दिवस फार जड गेले. पत्रक लिहायला बसलो तर ओळ सुचेना. शेवटी विसर्जनानंतर परत आणून देव्हाऱ्यात ठेवलेल्या कानबाईच्या नारळापुढे जाऊन बसलो. मागणे कसे मागतात ठाऊक नव्हते. म्हणालो, माझ्याने होते ते केले, आता तुझ्याने होईल ते तू कर. आणि काय सांगू, त्या रात्री गाढ झोप लागली.

मुंबईचे उत्तर आले. गाठ दुर्मीळ, पण निरुपद्रवी. कॅन्सरचे नुसते सोंग घेतलेली. ती निघाली होती, डोळा शाबूत होता.

"कानबाईनी थांबाडं," माय एवढेच म्हणाली.

मी पत्रके अजून काढतो. दवाखाना टाळू नका, असेच त्यांत ठणकावून लिहितो, आणि नजरेवर निकाल देणाऱ्या डॉक्टरांनाही सोडत नाही. पण धावायचे तेवढे धावून झाले, की पुढचा रस्ता आपला नसतो. तिथे डोके टेकावे, हे मला कळले आहे. श्रावणात माय दोन्ही डोळे माझ्यावर रोखून ताटात आणखी एक रोट टाकते. मी मुकाट्याने खातो.