सुब्बारावांचा कोमट हीटर

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात सुब्बारावांची जुनी गाडी तिसऱ्यांदा दारात आली, तेव्हा चामराजपेटच्या विठोजी मिस्त्रींचं डोकंच उठलं. हीटरच्या नळ्या बदलल्या, त्याचा छोटा रेडिएटर धुतला, तरी हवा कोमटच. उटीला सुब्बारावांच्या बायकोचे, तुंगाबाईंचे, पाय पुन्हा गारठले होते.

चिडून विठोजींनी इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. तापमानाचा काटा जेमतेम हलला. गाडी बंद करून, निवल्यावर त्यांनी थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं!

“हा कुणी काढला?”

“मीच काढवला, अण्णा,” सुब्बाराव म्हणाले. “उन्हाळ्यात इंजिन तापायचं ना!”

“आणि हे आज सांगता? पाणी तापेपर्यंत अडवणारंच कुणी नाही, तर हीटर गरम हवा आणणार कुठून?”

नवा थर्मोस्टॅट बसला, गरम झोत आला. मागे बसलेल्या तुंगाबाईंनी काच खाली केली. “स्वल्प जास्तच झालं की हो!”

विठोजी हात पुसत आत निघून गेले.