कडक ठेवलेलं गाणं

आमच्या बँडमध्ये गाणं फेकून द्यायची पद्धत नव्हती. गाणं एक तर अल्बममध्ये जायचं, नाही तर 'कडक' व्हायचं. हा शब्द आमचा आम्हीच काढलेला. बाहेरच्या कुणाला वाटायचं कडक म्हणजे एकदम भारी गाणं. कसलं भारी! कडक म्हणजे कडक भाकरी. आज खायची नाही, वाळवून ठेवायची, महिना-दोन महिने टिकते, लागेल तेव्हा काढायची.

शब्द आला तो आमच्या गिटारवाल्याच्या पिशवीतून. तो करकंबचा. सोलापुरात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होता, खोली करून राहायचा. आम्ही त्याला गावाच्याच नावानं हाक मारायचो, "ए करकंब!" तो गावाकडं जाऊन आला की त्याच्या आईनं फडक्यात बांधून दिलेली भाकऱ्यांची चळत यायची, बरोबर शेंगाची चटणी. प्रॅक्टिसला आधी त्या भाकऱ्यांचा फडशा पडायचा, मग गिटारी बाहेर निघायच्या.

आम्ही चौघं. तो गिटारवर. ड्रमवाल्याच्या वडलांचा मागाचा कारखाना, सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की दुपारभर जागा आमची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना सेकंड मालाच्या चादरी टांगलेल्या. बेसवाला शुक्रवार पेठेतला, घरचं कापडाचं दुकान, चिडला की कन्नडमध्ये शिव्या द्यायचा आणि ड्रमवाला त्याला तेलुगूत उत्तर द्यायचा. आणि मी. मी गाणारा. गाणारा म्हणून तोंड मोठं, आणि तोंड मोठं म्हणून कुठलं गाणं घ्यायचं हे ठरवणारा पण मीच. कुणी मला नेमलं नव्हतं. मी आपला बसलो होतो त्या जागेवर.

अल्बमला आठ गाणी लागायची आणि आमच्याकडं असायची चौदा-पंधरा. वहीच्या कागदावर एकेका गाण्याचं नाव लिहून चिठ्ठ्या करायच्या आणि जमिनीवर चादर अंथरून त्यावर मांडायच्या. पहिलं गाणं पळणारं पाहिजे. दोन संथ गाणी शेजारी-शेजारी नकोत. शेवटचं असं पाहिजे की माणूस परत पहिल्यावर गेला पाहिजे. तासन्तास भांडायचो आम्ही त्या चिठ्ठ्यांवरून. उरलेल्या चिठ्ठ्या भाकरीच्याच एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात जायच्या. डब्यावर बेसवाल्यानं मार्करनं लिहिलं होतं, 'कडक'.

पहिल्या अल्बमच्या वेळी करकंबनं एक गाणं आणलं. त्याचं स्वतःचं, पहिलंच. संथ, अर्ध्यापर्यंत ड्रम नाहीच. चाल त्याच्या आईची होती. म्हणजे ती माउली काही गाणारी नव्हती, पण भाकरी थापताना तोंड मिटून हं हं करत काहीतरी गुणगुणायची, आणि हात परातीत पडला की त्या गुणगुणीला बारीकसा धक्का बसायचा. तो धक्कासुद्धा ह्यानं चालीत तसाच ठेवला होता. त्यावर चार ओळी, आई दारातून हाक मारते आणि पोरगं ऐकूनही न ऐकल्यासारखं करतं, एवढंच.

"हे मी म्हननार," तो म्हणाला. "बाकी सगळी तू म्हन. हे मी."

आता त्याचा आवाज खरं सांगायचं तर बारीक होता, थोडा नाकातला. 'ण' त्याला यायचा नाही, सगळे 'न'च. पण ऐकताना अंगावर काटा आला होता माझ्या, आणि तेच मला आवडलं नव्हतं. त्या अल्बमात माझंही एक संथ गाणं होतं. दोन संथ नकोत, हा नियम. नियम कुणाचा? माझाच.

"पुढच्याला घेऊ बे. कडक ठेव," मी म्हणालो.

त्यानं चिठ्ठीची घडी घातली आणि स्वतःच्या हातानं डब्यात टाकली. "ठेव की. टिकतंय," म्हणाला.

अल्बम झाला तेव्हा आम्ही दोन गाड्यांवर चौघं करकंबला गेलो. त्याच्या आईला ऐकवायचं म्हणून. ती उंबऱ्यावर बसली, पदर सावरून, एखाद्या कार्यक्रमाला बसावं तशी. फोनवर आठच्या आठ गाणी ऐकली. मध्ये उठली नाही, कुणाशी बोलली नाही. संपल्यावर तिनं आमच्याकडं बघितलं.

"ह्याचा आवाज कुटंय?"

मी हसलो. "मावशी, ती गिटार वाजतीया की. ती म्हणजे तोच."

"गिटार कुनीबी वाजवलं तर वाजंल. आवाज कुटंय माज्या लेकाचा?"

"पुढच्याला येतोय, मावशी. नक्की येतोय," मी म्हणालो. वर शपथ घ्यावी तसा गळ्याला हात पण लावला. मला असली नाटकं बरी जमतात.

दुसरा अल्बम सगळा सोलापूरवर करायचं ठरलं. ऊन, माग, भोंगा, बंद पडलेल्या गिरण्या. डबा उघडला. कडकमधली दोन गाणी लगेच बसली, एक बेसवाल्याचं, एक माझं. करकंबची चिठ्ठी चादरीवर आली तेव्हा ड्रमवाला म्हणाला, घेऊ या. बेसवाला म्हणाला, घेऊ या. मी म्हणालो, हे गावाकडचं गाणं, ह्यात कुठं बसतंय? दोघं हट्टाला पेटले तसा माझा पारा चढला.

"अल्बम काढतोय आपण का घरगुती कार्यक्रम करतोय? आईला ऐकवायचंय, आईला ऐकवायचंय! घरी जाऊन म्हण की!"

करकंबनं चिठ्ठी उचलली, घडी घातली, डब्यात टाकली. आत्ता लिहिताना हात थांबतो माझा. तेव्हा तोंड नव्हतं थांबलं.

प्रॅक्टिस संपल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता तो माझ्याजवळ आला. म्हणाला, "आयेला एका कानानं कमी येतंय रे. डॉक्टर म्हनतोय दुसरा पन जानार. घरी म्हनून दाखवलं तर म्हनती, हितं कशाला म्हनतुयास, तुमच्या त्या अल्बमात म्हन. तिला तिथलंच ऐकायचंय. समद्या गावाला सांगून बसलीया."

म्हणजे मला माहीत होतं. हे मला स्वच्छ लिहून ठेवायचंय. नंतर कळलं, आधी कुणी सांगितलं नाही, असली सोय मला नाही. मला माहीत होतं आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "अरे, सहा महिन्यांत तिसरा काढू. टेन्शन घेऊ नको."

सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. ड्रमवाल्याचं लग्न झालं, बेसवाला दुकानात अडकला, मी एका कॉलेजच्या ऑफिसात चिकटलो. करकंबच्या भाकऱ्या तेवढ्या येत राहिल्या. आईला कानाचं मशीन घेतलं, असं तो मध्ये एकदा म्हणाला. शिट्टी वाजते म्हणून ती लावत नाही, फडताळात ठेवते, असंही म्हणाला.

आणि तिसऱ्या अल्बमच्या वेळी मी जे केलं त्याला काय नाव द्यावं मला अजून कळत नाही. माझं एक गाणं अडलं होतं. शब्द झाले होते, सुरुवात सुचत नव्हती. आठवडाभर डोकं आपटलं. मग एका दुपारी चादरीवर बसल्या बसल्या मी म्हणालो, "करकंब, तुझ्या त्या कडकमधली ती गुणगुण घेऊ का बे सुरुवातीला? नुसती गुणगुण. बाकी गाणं तुझं तुझ्यापाशी."

तो तार लावत होता. लावतच राहिला. लागलेली तार परत उतरवली, परत लावली. मग म्हणाला, "घे की."

मी घेतली. तोंड मिटून हं हं, तो परातीतला धक्कासुद्धा घेतला. अल्बम लोकांना आवडला, आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त. आणि सगळ्यांना आवडली काय, तर ती गुणगुण. कॉलेजातली पोरं जिन्यात म्हणायची. मला विचारायची, सर, कसं सुचलं? मी म्हणायचो, असंच, बसल्या बसल्या. लाज वाटते सांगायला, पण म्हणायचो.

त्याचं गाणं अर्थातच त्या अल्बममध्ये नव्हतं. एकच चाल दोनदा कशी घ्यायची? त्याला मी हे नीट समजावून सांगितलं. चिठ्ठी त्यानं परत डब्यात टाकली. ह्या खेपेला 'टिकतंय' म्हणाला नाही.

चौथ्या वेळी माझ्याकडं गाणीच नव्हती. आटलो होतो. चादर अंथरली, चिठ्ठ्या पाच-सहाच. ड्रमवाल्यानं डबा उघडला आणि उलटा केला. सगळ्यात खालची चिठ्ठी वर आली, घड्यांवर विरलेली. ती त्यानं सगळ्यात पहिल्या जागी ठेवली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "हे घेत नसशील तर ड्रम दुसऱ्याकडून वाजवून घे." बेसवाला माझ्याकडं बघत राहिला. मी हो म्हणून मान हलवली. मी नाही म्हणणारच नव्हतो खरं तर, पण आता हे कोण मानणार?

करकंब एका दमात गायला. आवाज आणखी बारीक झाला होता, 'ण' अजूनही 'न'च. कुणी दुरुस्त केलं नाही. चादरींमागं उभं राहून मी ऐकत होतो, आणि चार वर्षं मी काय दाबून ठेवलं होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा धड ऐकू आलं. आमच्या चारही अल्बमांत त्याच्या इतकं खरं काही नाही. माझं तर नाहीच.

मला आणि त्यालाच रजा मिळाली म्हणून आम्ही दोघंच एस्टीनं करकंबला गेलो. फोनच्या आवाजानं भागायचं नाही म्हणून मी मोठा स्पीकर घेतला होता, मांडीवर धरून बसलो वाटभर. मशीन लावू, स्पीकर जवळ ठेवू, थोडं तरी येईल कानावर. असं मी म्हणत होतो. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

आई अंगणात होती. केस पांढरे झालेले. आम्हाला बघून उठली, मला "या" म्हणाली, फार मोठ्यानं म्हणाली. त्यानं स्पीकर तिच्या शेजारी ठेवला, आवाज पूर्ण सोडला. कोंबड्या पळाल्या. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. आई आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत बसली, आता काय व्हायचंय म्हणून. मशीन आणायला तो आत गेला, आणलं, लावलं. तिनं मान हलवली. "न्हाय रं. ते बंद पडल्यालं न्हवं. मीच बंद पडलीया," म्हणाली आणि हसली.

मग त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, तोंडाकडं नेलं, स्पीकरकडं दाखवलं.

"तुजं गानं व्हय?" तिचं तोंड एकदम फुललं. "आरं, ऐकलंय की मी!"

मला वाटलं तिला कळलं नाही.

"मागल्या बारीला न्हाय का ऐकवलंस? मशीन लावून, फोन कानाला धरून ऐकलं की. मी भाकरी थापताना म्हनती तीच चाल. लई ग्वाड म्हनलास, ल्येका. रडू आलं बग मला." मग माझ्याकडं वळली. "तुमी म्हनला हुता न्हवं, पुढच्याला येतोय म्हून? आला बगा. शबुद पाळला तुमी."

तिनं ऐकला होता तो माझा आवाज. तिच्या कानांनी शेवटचा जो आवाज लेकाचा म्हणून धरून ठेवला, तो माझा होता.

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तो तिच्याकडं बघून हो म्हणून मान हलवत होता. स्पीकरवर त्याचं गाणं चालूच होतं, हाक मारण्याची ओळ आली होती. त्यानं वाकून स्पीकर बंद केला.

निघताना आईनं फडक्यात भाकऱ्या बांधून दिल्या. ह्या वेळी गाठोडं माझ्या हातात दिलं, मी शब्द पाळला होता ना. "सावकाश खावा. टिकत्यात," म्हणाली.

स्टँडवर मी त्याला म्हणालो, "मला सांगायचं नाही व्हय बे?"

"काय सांगायचं? तिला वाटलं मीच म्हनलोय. लई दिवसांनी बरं वाटलं तिला. मग मी राहू दिलं."

एस्टीत बसल्यावर मी गाठोडं सोडलं आणि भाकरी मोडून खायला लागलो. चटणी नाही, पाणी नाही. एक झाली, दुसरी घेतली. तोंड आतून सोललं तरी खात होतो आणि रडत होतो, समोरच्या सीटवरची बाई वळून वळून बघत होती. त्यानं थोडा वेळ बघितलं, मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अरे, ठेव की थोड्या. टिकतात."

"नाही," मी म्हणालो, आणि त्यालाही एक मोडून दिली. सोलापूर यायच्या आत आम्ही सगळ्या संपवल्या.