पत्रकाच्या तळाची कोरी जागा

सगळा घोटाळा झाला तो पत्रकाच्या तळाशी उरलेल्या चार बोटं जागेमुळे.

जनावरांच्या दवाखान्याचं उन्हाळी पत्रक छापायला निघालं होतं. माहिती डॉक्टरांची, भाषा प्रूफवाल्यांची. प्रूफवाले म्हणजे छापखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून निवृत्त झालेले गृहस्थ. ऋतू बदलायला आला की डॉक्टर त्यांना बोलावून घेत, औषधाच्या खोक्याच्या पाठीवर खरडलेले मुद्दे हातात देत आणि म्हणत, "काका, माणसांना कळेल असं करा." प्रूफवाले ते काम पुरवून पुरवून करत. घरात त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि एकट्या माणसाला पुरवून पुरवून करायला काहीतरी लागतं.

त्या खेपेला मुद्दे कमी पडले. भर दुपारी कुत्र्याला फिरायला नेऊ नका. आधी आपला उलटा हात रस्त्यावर टेकवून बघा, तुम्हाला चटका सोसला नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. त्याला बंद गाडीत ठेवून "आलोच" म्हणून जाऊ नका. पाण्याचं भांडं सावलीत ठेवा. गोचिडं कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात शोधा. मांजराला उकडतंय म्हणून त्याची हजामत करू नका, त्याचं ते बघून घेतं. एवढं सगळं झाल्यावरही खाली चार बोटं कोरी राहिली. आता, छापखान्यातल्या माणसाला कोरी जागा म्हणजे दुसऱ्याच्या सदऱ्याचं निसटलेलं बटण. हात शिवशिवतातच. प्रूफवाल्यांनी कुणाला न विचारता एक ओळ घातली: "आणि हो, उन्हाळ्यात जनावराला घरी एकटं ठेवू नका. सोबत नसेल, तर दवाखान्यात आमच्या ताई आहेतच."

ओळ त्यांना स्वतःला फार आवडली. झोपताना त्यांनी ती दोनदा म्हणूनही पाहिली.

सोमवारी सकाळी दवाखान्यात शेपूट ठेवायला जागा नव्हती. कामावर निघालेली माणसं पत्रक नाचवत येत होती, ताईंच्या हातात साखळी देत होती आणि घड्याळाकडे बघत पसार होत होती. एक पोपट आला, दोन ससे आले. कुणीतरी कासवही आणून ठेवलं. कासवाला एकटेपणा जाचतो, हे डॉक्टरांच्याही वाचनात नव्हतं.

पत्रकाची प्रत घ्यायला म्हणून प्रूफवाले हौसेने आले, ते दारातच थिजले. ताईंच्या एका हातात चार साखळ्या होत्या आणि काखेत पोपटाचा पिंजरा.

"भाऊ, ही ओळ तुमची ना?"

"जागा उरली होती, ताई."

"तुमच्याकडे उरली. माझ्याकडे आता राहिली नाही."

ताईंचं बोलणं हे असं. कात्रीने कापल्यासारखं: तुकडा पाडायचा आणि बाजूला ठेवायचा. पन्नाशी उलटलेली, हाडापेराने दणकट बाई. दवाखान्यात त्यांचा हुद्दा मदतनीसाचा, पण त्या रजेवर गेल्या की डॉक्टरांना स्वतःचा चष्मा सापडत नसे. टेबलावर जनावर धरायचं, नखं कापायची, जखमा धुवायच्या, ही सगळी कामं त्यांची. आणखीही एक काम होतं, ते कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं. म्हाताऱ्या, दुखण्याने थकलेल्या जनावराला शेवटचं इंजेक्शन द्यायची वेळ आली की बहुतेक मालकांना बघवत नाही. ते बाहेर जातात. ताई आत थांबतात, त्याचं डोकं मांडीवर घेतात. मग बाहेर येऊन पट्टा मालकाच्या हातात देतात आणि फरशी पुसायला घेतात. प्रूफवाल्यांनी एकदा विचारलं होतं, तुम्हीच का थांबता म्हणून. "कुणीतरी ओळखीचं लागतं," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

आता हे जिच्या वाट्याला आलं, तिच्यावर जनावरांनी जीव टाकावा की नाही? पण झालं होतं उलटंच. औषधांचा वास ताईंच्या अंगात मुरला होता आणि तो परिसरातल्या यच्चयावत कुत्र्यांना पाठ होता. ताई रस्त्यात दिसल्या की वाघासारखे कुत्रे मालकाच्या दोन पायांत शिरत. मांजरं तर त्या वळणावर यायच्या आतच कुंपणावरून नाहीशी होत. म्हणून संध्याकाळी दवाखाना बंद करून ताई मोठ्या रस्त्याने घरी जात नसत, मागच्या बोळाने जात.

"त्या वेळेला कुत्री फिरायला निघतात," त्या म्हणत. "त्यांच्या फिरण्याचा कशाला विचका?"

"साबण बदलून बघा."

"बघितला. आता मला साबणाचा वास येतो, त्यांना माझाच येतो."

ताईंच्या घरी मांजराचं पिल्लूही नव्हतं ते यामुळे.

तर त्या सोमवारी संध्याकाळपर्यंत ज्याचं त्याचं जनावर जो तो घेऊन गेला. कासव सगळ्यांच्या शेवटी गेलं, ते त्याच्या स्वभावाला धरूनच होतं. उरला फक्त एक म्हातारा तपकिरी कुत्रा. एक कान कायमचा दुमडलेला, मागचे पाय आखडलेले. सकाळी एक बाई त्याला आणून सोडून गेली होती. डॉक्टरांनी तिला फोन लावला.

"अहो, तो माझा नाही," ती म्हणाली. "आमच्या शेजारच्या आजोबांचा. ते मुलीकडे गेले, कायमचेच. तिच्या इमारतीत कुत्रा चालत नाही. तुमच्या पत्रकात वाचलं, सोबत नसेल तर ताई आहेत. म्हटलं, चला, सोय झाली."

डॉक्टर भला माणूस, पण त्यांच्याकडे पिंजरे होते ते आजाऱ्यांसाठी. "बेवारस जनावरांच्या निवाऱ्याची गाडी शनिवारी येते," ते म्हणाले. "तोवर राहू दे. आणि काका, पुढच्या वेळी जागा उरली तर उरू द्या."

निवाऱ्यात लोक पिल्लं बघायला जातात. म्हाताऱ्याला तिथून कोणी घरी नेत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. प्रूफवाल्यांना त्या दिवसापासून जेवण गोड लागेना. ते रोज कुत्र्याला बिस्किट घेऊन जाऊ लागले. बिस्किट नाकासमोर धरलं तरी तो ढिम्म बसून राही. ओठांना टेकवलं की मगच खाई. मालकाच्या आठवणीने अन्नावरची वासना उडाली असावी, असं प्रूफवाल्यांना वाटे आणि त्यांचेच डोळे भरून येत.

बुधवारी धीर करून ते त्याला घरी घेऊन निघाले. घर तिसऱ्या मजल्यावर. कुत्र्याने जिना पाहिला आणि खाली बसला. उचलायला गेले तर पाठीत अशी कळ आली की तेही पहिल्या पायरीवर त्याच्या शेजारी बसले. शेजारीपाजारी त्यांना वळसा घालून वर गेले, खाली आले. कुणी काही विचारलं नाही. आपल्याला कुणी विचारत नाही याची प्रूफवाल्यांना सवय होती, पण आज कुत्र्यामुळे तरी विचारतील असं वाटलं होतं. अंधार पडायच्या आत दोघे आले तसे परत गेले.

ताई कुलूप लावत होत्या. "परत आणलात?"

"जिना."

त्यांनी पुन्हा दार उघडलं, सतरंजी घातली.

"ताई, तुमचं घर तर तळमजल्यावर आहे."

"आहे."

"मग?"

"दिवसा इथला वास, रात्री घरी पुन्हा तोच वास. जनावराने निर्धास्त कुठे व्हायचं?" म्हणाल्या आणि पाण्याचं भांडं भरायला आत गेल्या.

शनिवारी गाडी आली. कुत्रा मोठ्या बाकाखाली होता. त्या बाकाखालून जनावर काढायची ताईंची ठरलेली रीत होती. त्या वाकल्या की जनावर भिंतीला चिकटे. मग त्याच्यावर जाड टॉवेल टाकायचा आणि हलकेच ओढून घ्यायचं. त्या टॉवेल घेऊन वाकल्या. कुत्रा उठला, आखडलेले पाय ओढत आपण होऊन बाहेर आला आणि त्याने ताईंच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली.

ताई टॉवेल धरून तशाच राहिल्या. डॉक्टर आतल्या दारात आले आणि आल्या पावली परत गेले. प्रूफवाल्यांनी खिशातलं बिस्किट उगाचच चाचपलं.

"चला ताई, उशीर होतोय," गाडीवाला म्हणाला.

"गाडी भरली असेल ना तुमची?"

"नाही हो, रिकामी आहे."

"मग रिकामीच न्या."

गाडीवाल्याने दोर गुंडाळला. ताईंनी टॉवेलाची घडी घातली, फडताळात ठेवली आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

संध्याकाळी कुलूप लागलं तेव्हा पट्टा त्यांच्या मनगटाला होता. सवयीने त्या बोळाकडे वळल्या. कुत्रा मात्र मोठ्या रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. म्हाताऱ्याला त्याचा रस्ता माहीत होता. क्षणभर थांबून ताई त्याच्यामागून निघाल्या. प्रूफवाल्यांचं घर उलट्या दिशेला, पण तेही कोपऱ्यापर्यंत म्हणून बरोबर चालू लागले. घरी काही त्यांची कुणी वाट पाहत नव्हतं.

रस्त्यावर नेहमीचंच झालं. एक धिप्पाड काळा कुत्रा ताईंना बघून मालकिणीच्या मागे लपला. एक पांढरं झिपरं कुत्रं रस्ता ओलांडून गेलं. हा मात्र ताईंच्या पोटरीला अंग घासत, दमाने, मालक असल्यासारखा चालला होता.

कोपरा आला. इथून प्रूफवाल्यांना माघारी फिरायचं होतं, आणि आठवडाभर चुकीचं ओझं वागवल्यावर काहीतरी शेवटास न्यावंसं त्यांना फार वाटत होतं. पुढच्या पत्रकात तळाशी घालायला शोभेल असं एक वाक्य त्यांनी चालता चालता जुळवलं होतं.

"बघा ताई," ते गहिवरून म्हणाले, "सगळ्या गावात हा एकटा तुम्हाला घाबरला नाही. मुक्या जिवाला प्रेम बरोबर ओळखू येतं."

ताईंनी पट्टा या हातातून त्या हातात घेतला आणि चालता चालताच म्हणाल्या, "नाक गेलंय त्याचं, भाऊ."