गाडी डावीकडे ओढत होती तोवर

देव मानतो, पण भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारा मी माणूस. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलं. यंत्र बिघडलं तर त्याला कारण असतंच, सापडत नसेल तर शोधणारा कमी पडला... हेच धरून चाललो. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो. तरी लिहितो.

आम्ही पेडण्याचे. घरात एक जुनी हॅचबॅक, मुलगी शाळेत असताना घेतलेली. मुलगी आता पुण्यात. माझी बायको शैला आजारी पडली तेव्हा याच गाडीतून पणजीच्या फेऱ्या झाल्या. मी चालवायचो, ती डावीकडे बसायची. मूळची भरल्या अंगाची बाई, पण केमो सुरू झाल्यावर इतकी उतरली की सीटबेल्ट खांद्यावरून घसरायचा. पावसाळा सरता सरता ती गेली.

दिवसकार्य आटोपून कामावर निघालो, तर गाडी डावीकडे ओढतेय. स्टीअरिंग जरा सैल सोडलं की नाक रस्त्याच्या कडेला. वाटलं, खड्ड्यात आपटली असेल.

कंपनीजवळ तानाजीचं गॅरेज आहे. तो चंदगडचा, बरीच वर्षं इथेच. त्याने व्हील अलाइनमेंट करून दिली. आठवडा गेला नाही तोच पुन्हा तेच. मग हवा तपासली, टायर अदलाबदल केले, चाकाच्या लोअर आर्मचे रबरी बुश नवे टाकले. रस्त्याचा उतार म्हणावा, तर सपाट मैदानातही तीच तऱ्हा. शेवटी तानाजी गाडीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, डावी बाजू बोटभर खाली बसलीय. पुढच्या दोन्ही स्प्रिंगा नव्या घातल्या... पुन्हा बसली. मग मी सुचवलं, डावी स्प्रिंग उजवीकडे घाल. दोष स्प्रिंगचा असेल तर आता उजवी बाजू बसेल.

बसली ती डावीच.

तानाजी हात पुसत म्हणाला, "सर, शेजारी रोज कोण बसतंय का? भरल्या अंगाचं?"

"नाही," मी म्हटलं. "मी एकटाच असतो."

त्या दिवसानंतर मी अलाइनमेंट करणं सोडलं. तसलं काही मानत नव्हतो, तरी सोडलं. डावा टायर आतून झिजायचा, तो बदलत राहिलो. खड्डा दिसला की डावं चाक वाचवायचो. एसीचा झोत शैलाला सोसायचा नाही, म्हणून तिच्या बाजूची जाळी बंद ठेवायला लागलो. मुलगी फोनवर म्हणायची, बाबा, विका ती गाडी. मी म्हणायचो, बघू.

वर्षश्राद्ध झाल्यावर शैलाचा धाकटा भाऊ मोहन याने जेवायला बोलावलं. तिचं माहेर तेरेखोल. आजारपणात तिने एकदा माहेरी न्या म्हटलं होतं, पण ताप उतरेना आणि ते राहूनच गेलं. केरीहून फेरीबोटीत गाडी चढवली, पलीकडे धक्क्याला लागूनच त्याचं घर. मोहनच्या बायकोने तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं होतं, शैलाच्या हातचं असायचं तसंच. ताटातलं सगळं संपवलं.

परतताना केरीला गाडी बोटीतून उतरवली, सवयीने स्टीअरिंग उजवीकडे दाबून धरलं — आणि गाडी खरंच उजवीकडे गेली. समोरून स्कूटर येत होती, थोडक्यात वाचलो. कडेला थांबलो. पुन्हा निघालो, हात सैल सोडले. गाडी सरळ. पेडण्यापर्यंत अगदी सरळ.

दुसऱ्या दिवशी तानाजीने दोन्ही बाजू मोजल्या. सारख्या. तो खूश झाला. "सुधारली बघा, सर. काय केलं तुम्ही?"

गाडीत बसून काचा वर केल्या आणि रडलो. शैला गेली त्या दिवशीही इतका रडलो नव्हतो.

रविवारी पुन्हा तेरेखोलला गेलो. मोहनच्या अंगणात गाडी लावली, वळसा घालून डावं दार उघडलं आणि तसाच उभा राहिलो. मोहन बाहेर आला.

"भावोजी, कोणाची वाट बघताय?"

गाडीबद्दल त्याला कधीच काही सांगितलं नव्हतं. तो उघड्या दाराकडे बघत राहिला. मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "ताईक हयच बरा वाटत असतला."

पुष्कळ वेळाने मीच दार लावलं आणि निघालो.

आजतागायत गाडी सरळ चालतेय. कारण मला सापडलेलं नाही. गाड्यांच्या या ग्रुपवर जाणकार लोक आहेत, म्हणून विचारतो. कारण सांगितलं नाही तरी चालेल. ती पुन्हा डावीकडे ओढायला लागावी, यासाठी काही करता येतं का?