बांधलेलं बटण

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती मला सरळ माणूस समजत गेली — मी समजू दिलं. आता तुम्हाला लिहून सांगायला बसलोय, तर हात पुन्हा पुन्हा थांबतो.

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात आम्ही पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवायचो. मी तिथला सुपरवायझर, सगळ्यांचा तात्या. प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच साचा खाली यायचा. का? तर हात आत राहू नये म्हणून. पण त्यात वेळ जायचा. मी एक बटण दाबून त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवायचो — मग डाव्या हाताने बटण, उजव्याने पत्रा. शेठ म्हणायचे, तात्या काम काढून घेतो.

त्या प्रेसवर महादेव बसायचा; नालासोपाऱ्याला एका खोलीत बायको-मुलीबरोबर राहायचा. पंच्याण्णव साली त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. तो ओरडला नाही, नुसता बघत राहिला. आणि मी — मी आधी पट्टी सोलली. खिशात घातली. मग त्याला धरलं. किती वेळ गेला असेल? चार-पाच श्वास. पण ते त्याचे होते ना?

सात महिन्यांनी तो परत आला. तोवर चार गाळ्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. बायको धुणीभांडी करत होती, मुलीची शाळा सुटली होती. प्रेस नको, झाकणं तपासायला बसवा, एवढंच त्याचं मागणं. आमच्या भंगारातली झाकणं घरी नेऊन तो डाव्या अंगठ्याने कड चाचपायला शिकला होता. शेठच्या टेबलावरची दहा चाचपली, दोन खराब म्हणून बाजूला काढली. मीच पास केलेली.

“तात्या, तुमच्या चष्म्यापेक्षा याचा अंगठा बरा,” शेठ हसून म्हणाले. त्यांचं मन झालं होतं, मला दिसत होतं. मग त्यांनी सहज विचारलं, दोन्ही हात बटणांवर असताना तुझा हात आत गेलाच कसा रे?

महादेवने माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाला, “एक बटण बांधलेलं असायचं, शेठ.”

शेठ माझ्याकडे वळले. मी म्हणालो, “कोणी बांधलं? मी तरी कधी पाहिलं नाही.”

तो भांडेल असं वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं — निदान माझ्या रागाला काही निमित्त मिळालं असतं. त्याने टेबलावरची झाकणं डाव्या हाताने गोळा केली. मग म्हणाला, “तात्या म्हणतात तर तसंच असेल. मला त्या दिवशीचं नीट आठवत नाही.”

त्याला सगळं आठवत होतं. त्या एका खुर्चीसाठी त्याने स्वतःचं खरं माझ्यासमोर गिळलं. मी सुटलो होतो. आता कसली भीती होती मला? फक्त एवढीच — तो रोज समोर बसेल.

शेठ म्हणाले, “जाऊ दे ते. बोला तात्या, बसवायचा का याला?”

मी म्हणालो, “नको शेठ. आपल्याकडे वेळ पडली तर प्रत्येकाला प्रेसवर बसावं लागतं. आणि प्रेसला दोन हात लागतात.”