रिकामा डबा

शिडवाले काका बाल्कनीत दारू लपवतात, अशी गल्लीभर कुजबुज होती. संध्याकाळी डब्याला नाक लावून बसणाऱ्या माणसाबद्दल दुसरं काय बोलणार? पण काका थेंबालाही शिवणारे नव्हेत. डबा पेट्रोलचा होता. त्यांच्या छोट्या शिडाच्या होडीला मागे मोटर होती. वारा पडला की तीच घरी आणायची.

काकांनी जन्मभर शिडं शिवली. नजर अधू झाली तसं कारखान्याने घरी बसवलं. तेव्हापासून लेकीच्या घरात एकच पालुपद: "रिकामेच आहात ना बाबा, जरा भाजी आणा." मालकी उरली होती ती होडीवर.

धक्क्यावर मात्र त्यांचा तोरा बघावा. "डबा काठोकाठ भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं. सावलीत, हवा खेळेल तिथे बांधा. होडीच्या पोटात कोंडलात तर वाफ तळाशी साचेल." भरला डबा ते जावयापेक्षा जपत. रिकामा झाला की घरी आणून, झाकण उघडं टाकून बाल्कनीत वाळवत, वास उडाला का ते हुंगून बघत. रिकाम्याला कोण भितं?

परवा जावई तिथेच सिगरेट पेटवायला गेला. भक्कन जाळ झाला. भुवया गेल्या, अर्धी मिशी गेली, हात भाजला. गल्ली मिशीवर पोट धरून हसली. लेक हसली नाही. बाल्कनीच्या दाराच्या अलीकडेच तिच्या तान्हीचा पाळणा होता.

"होडी विकायची," ती म्हणाली.

"अगं, रिकाम्यात वाफ राहते, हे मला कळायला हवं होतं. यापुढे रिकामाही धक्क्यावरच ठेवीन. होडी राहू दे गं. पाया पडतो तुझ्या."

म्हातारा खरंच वाकला. जावयाने पट्टी बांधलेल्या हाताने सावरलं. लेकीने तोंड फिरवलं. "भरलेला नको, रिकामाही नको. या घरात काहीच ठेवायचं नाही."

गिऱ्हाईक आलं. काकांनी मोटर पुसून दिली, डबा कसा बांधायचा ते दोनदा सांगितलं, होडी दिसेनाशी होईस्तोवर उभे राहिले. घरी येऊन बाल्कनीत, डब्याच्या जागी बसले.

"आत या बाबा," लेक म्हणाली. "पाळणा हलवा जरा. रिकामेच आहात ना."

काका जागचे हलले नाहीत. "रिकामाही घरात नको म्हणालीस. मग मला कुठे ठेवतेस?"